चारशे बारा उघडी पानं

थंडी कोरडी आणि चांगलीच कडक पडली होती. शटरच्या कडीला हात लावला की चटका बसल्यासारखं वाटायचं. अशा दिवसांत शिलाईच्या मशिनींना सर्दी होते, असं शटलकाकूचं म्हणणं होतं. वर्षभर लोक हाताला येईल ते तेल मशीनच्या भोकांत ओततात. कुणी फोडणीचं, कुणी डोक्याला लावायचं. उन्हाळ्यात ते खपून जातं. थंडी पडली की तेच तेल आत गोठून बसतं, चाक जड होतं, आणि मग लोक मशीन हातगाडीवर टाकून काकूच्या दाराशी हजर.

म्हणून थंडीत काकूची सकाळ लवकर उजाडायची. आधी तेलाचा डबा कोमट पाण्याच्या पातेल्यात उभा करायचा. मग काल उघडलेल्या मशिनींचे स्क्रू रॉकेलच्या ताटलीत भिजत टाकायचे, ज्याच्या त्याच्या ताटलीत, सरमिसळ नाही. मग दाढीच्या ब्रशनं दात्यांच्या खालचा कचरा काढायचा. दाते म्हणजे सुईच्या खाली कापड पुढे ढकलणारी करवतीसारखी पट्टी. तिच्याखाली कापसाचा गुंता साठून त्याचा घोंगडीसारखा घट्ट नमदा होतो. काकू तो चिमट्यानं अख्खाच्या अख्खा उचलायची, उजेडात धरायची आणि म्हणायची, "बघा, पोरीनं लाल शिवलं, मग निळं शिवलं, मग लग्नाचं सोनेरी शिवलं. आणि एकदाही हिच्या पोटात डोकावली नाही."

खोली रस्त्याकडेची. मागे घर, पुढे ही खोली. तिन्ही भिंतींवर फळ्या आणि फळ्यांवर मशिनींची डोकी, काळी, हिरवी, क्रीम रंगाची, बसलेल्या कोंबड्यांसारखी. मधे टेबल. टेबलावर खाली वाकलेला दिवा, आणि दिव्याच्या दांड्याला तारेचा आकडा वळवून त्यात अडकवलेला काकूचा मोबाईल. दोन्ही हात तेलात असले तरी डोळ्यांसमोर पान राहावं म्हणून.

शटलकाकू हे नाव गल्लीनं ठेवलेलं. कुणी काहीही तक्रार घेऊन येवो, दोरा तुटतो म्हणो की चाक फिरत नाही म्हणो, काकूचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी शटल दाखवा." शटल म्हणजे खालचा दोरा पकडणारं ते बोटभर वाकडं लोखंड. निम्मी भांडणं तिथेच असतात, असा तिचा अनुभव.

हा अनुभव तिला कुणी दिला नव्हता. तिनं तो उपसून काढला होता. तरुणपणी अकरा वर्षं ती शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिथे मशीन बिघडली की मिस्त्रीला हाक मारायची आणि तो येईपर्यंत हात बांधून बसायचं. मिस्त्री यायचा, आणि मशीन उघडण्याआधी बायकांकडे पाठ करून उभा राहायचा. त्याची ती रीतच होती. त्याच्या आधीच्या मिस्त्रीचीही तीच. खांद्यावरून कुणी डोकावलं तर तो दोन्ही कोपरं पसरायचा, कोंबडी अंड्यावर पसरते तसा. अकरा वर्षं काकूनं मिस्त्रीचा शर्ट पाहिला, त्याच्या पुढे काय चाललंय ते कधी दिसलं नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा शिल्लक पगाराच्या बदल्यात तिच्याकडे एक जुनी मशीन आली. ती बिघडली. मिस्त्री आता कुठे शोधायचा? मुलानं घरात एक मोबाईल आणला होता, त्यात तिनं मशीनचा फोटो दाखवून विचारायला शिकून घेतलं. आणि पान उघडलं. आतली सगळी आतडी उघडी करून दाखवलेली, बाण काढून, आकडे घालून. इंग्रजी काकूला जेमतेम. पण चित्र बोलतं, आणि स्क्रूला भाषा नसते. तिनं शेजघरात बसून मशीन उघडली, पुन्हा जोडली, आणि टाका सरळ पडला. त्या दिवशी ती मुलाला म्हणाली, "हे पान पाठ करून उभं राहत नाही रे."

तेव्हापासून दहा वर्षं. एक मशीन आली की एक पान उघडायचं, आणि उघडलेलं पान बंद करायचं नाही. सुरुवातीला बंद कसं करतात हे माहीत नव्हतं म्हणून. नंतर माहीत झालं तरी मन होईना. मशीन काय, आज गेली तरी दोन वर्षांनी पुन्हा येणारच. तेव्हा पान कुठे शोधत बसायचं? मोबाईल बदलला तेव्हा एकदा तिनं शंभरेक पानं बसून एकेक करून नव्यात उघडली होती, चार दिवस लागले होते. आता ती किती झाली होती कुणास ठाऊक. पानांचा आकडा दाखवणाऱ्या चौकोनात नव्व्याण्णवनंतर आकडाच यायचा थांबला आणि तिथे एक आडवं हसरं तोंड आलं. काकूला वाटलं, मोबाईल आपल्यावर खूश झाला.

शोधायची तिची पद्धतही तिचीच. नावं ती वाचायचीच नाही. दोन-दोनच्या ओळींत छोटी छोटी चित्रं, आणि कुठलं चित्र कुठल्या वळणावर हे बोटाला ठाऊक. बोटानं एक झटका, दुसरा झटका, जरा थांब, हं, ही पडदेवाल्याची काळी मशीन. तिच्या खाली बॅगा शिवणारीची. तिच्या बाजूला शाळेच्या गणवेशवाल्यांची.

तर तो मोबाईल आता मरायला टेकला होता.

दोन महिन्यांपूर्वी तो आकड्यातून सुटून रॉकेलच्या ताटलीत उभा पडला. पुसला, वाळवला, चालू झाला. पण तळाची दोन बोटं रुंदीची पट्टी मेली. दिसायचं सगळं, दाबलं तर ढिम्म. टायपिंग करायचं तर खालची अक्षरं उमटत नसत, म्हणून काकू फोन आडवा करायची, की मेलेली पट्टी एका कडेला जाते आणि अक्षरं जित्या भागात येतात. त्यात आता वरच्या कोपऱ्यात काळा डाग पडला होता. पहिल्यांदा वाटाण्याएवढा होता, आता लिंबाएवढा. रोज सकाळी थोडा वाढलेला.

नवा मोबाईल आठ दिवस खोक्यात पडून होता. मुलानं घेऊन ठेवला होता. दुकानदार म्हणाला होता, फोटो येतील, नंबर येतील, मेसेज येतील. "आणि उघडी पानं?" काकूनं विचारलं. तो हसला. "ती कोण ठेवतं, काकू?" तेवढं ऐकून काकूनं खोकं मिटलं ते मिटलंच.

समोरच्या बाजूला तिच्या धाकट्या दिराचं दुकान. तो नव्या मशिनी विकायचा. काचेचं दार, आत पांढऱ्याशुभ्र मशिनी, गळ्यात रिबिनी बांधलेल्या. दीर तसा मनानं वाईट नव्हता, पण जीभ आवरायची नाही. गिऱ्हाईक उभं असताना मुद्दाम रस्त्यापलीकडून ओरडायचा, "वहिनीचं सगळं डोकं मोबाईलमध्ये आहे हो! मोबाईल मेला की वहिनी घरी बसणार!"

काकू हसून घालवायची. पण तो डाग जसजसा वाढत होता तसतसं ते वाक्य तिला रुतायला लागलं होतं. कारण खोटं काय होतं त्यात? ती कुठे शिकली होती? कुणाच्या हाताखाली? तिच्याकडे ना कागद, ना उस्ताद. होती ती ही पानं. ती गेली की ती पुन्हा मिस्त्रीची पाठ बघत बसलेली कॉलरवाली.

त्या सकाळी सुनेला सुट्टी होती. सून दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. पेशंटचे कागद, एक्स-रे, तारखा सगळं तिच्या हातात. केस नीट बांधून ती चहाचे दोन कप घेऊन आली आणि समोर स्टूल ओढून बसली.

"आई, आज मी कुठे जाणार नाही. आज तुमची ही उघडी पानं, हे टॅब वाचवायचे."

"आज नको. पडदेवाला येणारे अकराला."

"पडदेवाल्याला येऊ द्या. डाग बघितलात? दुपारपर्यंत ती काळी मशीन त्या डागाखाली जाईल, मग काय बघून दुरुस्त करणार?"

"तू पानं सांडवशील."

"मी रोज साठ माणसांच्या दाढा सांभाळते, एक सांडली नाही अजून."

"दाढा तोंडात असतात, तू कुठे सांभाळतेस? डॉक्टर सांभाळतो."

"आई!"

काकूनं हात पुसले. तारेच्या आकड्यातून मोबाईल काढला आणि आजारी मूल दुसऱ्याच्या कडेवर द्यावं तसा सुनेच्या हातात दिला.

सुनेनं समजावलं, सोपं आहे. इथे तीन टिंबं. इथे 'टॅब निवडा' म्हणून येतं. सगळे निवडायचे आणि एका फोल्डरमध्ये खुणा करून ठेवायचे. मग तुमच्या नावानं खातं उघडू, की नव्या मोबाईलवर तेच फोल्डर आपोआप दिसेल. काकू मान हलवत होती आणि एकही शब्द ऐकत नव्हती. ती फक्त सुनेचा अंगठा बघत होती.

आता त्या मोबाईलची एक खोड सुनेला माहीत नव्हती. रॉकेलनंतर त्याचा स्पर्शही सरकला होता. बोट जिथे टेकवाल त्याच्या जरा वरचं दाबलं जायचं. काकूच्या बोटानं ती खोड कधीच अंगवळणी पाडून घेतली होती. ती आपोआप जरा खाली टेकवायची. सांगायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. सुनेनं तीन टिंबं दाबली, यादी उघडली, 'टॅब निवडा'वर नीट, सरळ, दवाखान्यातल्यासारखं बोट टेकवलं. त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'सगळे टॅब बंद करा'.

आणि सगळी चित्रं भुर्रकन गेली. पडदा पांढरा.

सून पांढरी पडली. "आई... आई, मी ते नाही दाबलं..."

तळाशी एक काळी पट्टी उगवली होती. तिच्यावर लिहिलं होतं की टॅब बंद केले, आणि शेजारी 'पूर्ववत करा'. सुनेनं ते दाबलं. पुन्हा दाबलं. अंगठ्यानं, मग दुसऱ्या बोटानं, मग नखानं. काही नाही. पट्टी बरोब्बर त्या मेलेल्या भागात उगवली होती. अशी पट्टी चार-पाच सेकंद राहते आणि जाते. गेली की संपलं.

काकूचे हात थांबले नाहीत. तिनं मोबाईल सुनेच्या हातातून खेचला आणि आडवा केला. चाक उलटं फिरवावं तसा, एका झटक्यात. पडदा क्षणभर अडखळला, मग वळला. मेलेली पट्टी डाव्या हाताला गेली. 'पूर्ववत करा' हे शब्द लांब कडेच्या उजव्या टोकाला आले, जित्या भागात. काकूनं बोट शब्दांच्या जरासं डावीकडे टेकवलं, फोन आडवा झाला की त्याची खोडही आडवी होते.

चित्रं परत आली. एक ओळ, मग दुसरी, मग भराभर.

चहावर साय धरली.

"तुम्हाला कसं सुचलं?" सुनेनं विचारलं.

"सुचायचं काय त्यात. एका बाजूनं उघडत नसेल तर मशीन आडवी करायची असते." काकू म्हणाली. मग तिनं चहाचा कप उचलला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. "आता सांग कुठे दाबायचं ते. बोट माझं."

सुनेनं सांगितलं, काकूनं दाबलं. सगळे निवडले. वर आकडा आला, चारशे बारा.

"चारशे बारा!" सून म्हणाली.

"मला वाटलं दोनशे असतील."

"आई, चारशे बारा म्हणजे... दवाखान्यात डॉक्टरांची पुस्तकंसुद्धा एवढी नाहीत."

खुणा करून फोल्डर झालं. सुनेनं काकूच्या नावानं खातं उघडलं आणि खोकं फोडून नवा मोबाईल काढला. थोडा वेळ एक चक्र फिरत राहिलं, आणि चारशे बारा ओळींची यादी त्यात येऊन बसली. सुनेनं अभिमानानं ती सासूच्या पुढे धरली.

काकूनं यादी वर सरकवली, खाली सरकवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"यात माझी पानं कुठायत?"

"हीच की ती सगळी."

"चित्रं कुठायत?"

चित्रं नव्हती. नुसत्या ओळी होत्या, इंग्रजी, एकासारखी एक. निम्म्या ओळींची सुरुवात त्याच दोन शब्दांनी. आपल्याच घरातली सगळी कपाटं कुणीतरी हलवून, दारं बंद करून, वर परक्या माणसाच्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवाव्यात, तसं झालं. पानं वाचली होती, आणि तरी काकूच्या दृष्टीनं गेल्यातच जमा होती.

"उघडून दाखवते ना एकेक," सून म्हणाली.

"चारशे वेळा?"

सुनेनं यादी पुन्हा एकदा वर-खाली सरकवली. मग म्हणाली, "दवाखान्यात एक्स-रे येतात ना, त्यांचीही नावं अशीच असतात. काही कळत नाही. मी ती बदलते. अमक्याची वरची दाढ, तमक्याचा सुळा, असं लिहिते. यांचीही नावं बदलता येतात. तुम्ही सांगा, मी लिहिते. जुन्या मोबाईलवर तुम्ही चित्र बघा, क्रम तोच आहे. तुम्हाला जे वाटतं तेच लिहू. मराठीत."

"काय वाटेल ते?"

"काय वाटेल ते."

काकूनं जुना मोबाईल आकड्यात अडकवला, स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्या चित्रावर आली.

"लिही. बॅगावालीची हिरवी. दोरा वरून तुटतो असं ती सांगते, तुटतो खालून."

सून हसली आणि लिहिलं.

"पुढे. गणवेशवाल्यांची, तीन नंबरची. पट्टा घट्ट करू नका, तिला ढिला आवडतो."

"तिला आवडतो असं लिहू?"

"मग काय, मला आवडतो लिहिशील?"

अकराला पडदेवाला आला, हातात पडद्याच्या कड्या खुळखुळवत. नेहमी घाईत असणारा माणूस, पण दारातच थबकला. काकू चित्र बघत बोलत होती आणि सून भराभरा लिहीत होती, डॉक्टरनं औषधं सांगावीत तसं.

"पडदेवाल्याचं काळं धूड," काकू म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "शटलच्या कडेला ओरखडा. घासू नका, बदला. पानात लिहिलंय घट्ट बसवा, तसं करू नका. अर्धा आटा ढिलं सोडा, नाहीतर जाड कापडावर रडते."

"अहो काकू, तुम्ही तर पानाला खोटं पाडताय," पडदेवाला म्हणाला.

"पान लिहिणाऱ्यानं तुझे पडदे शिवलेत का? मी बघितलेत."

सुनेची बोटं थांबली. तिनं आधीच्या ओळी वर सरकवून पाहिल्या. मघापासून ती लिहीत होती, पण आता पहिल्यांदा तिनं वाचलं. दर तिसऱ्या-चौथ्या ओळीला काकूनं पानात नसलेलं काहीतरी सांगितलं होतं. इथे पान चुकलंय. इथे पान बरोबर आहे पण आपल्याकडच्या सुयांना भोक जरा वर असतं. इथे पानाला माहीतच नाही की लोक यात डोक्याचं तेल घालतात.

त्यानंतर तिनं काकूला एकदाही "लवकर सांगा" म्हटलं नाही.

मधे मधे काही पानं उघडतच नव्हती. वर चित्र दिसायचं, दाबलं की सापडलं नाही असं यायचं. ज्यानं कुणी ते लिहिलं होतं त्यानं दुकान आवरलं असेल, किंवा माणूसच गेला असेल. अशी अडतीस निघाली. त्यातलं एक आलं तेव्हा काकूचं बोट तिथेच थांबलं.

"हे म्हाताऱ्याचं होतं."

कुठल्या तरी दूरच्या देशातला म्हातारा. एका खोलीत एकटा बसून मशिनींची चित्रं हातानं काढायचा आणि पानावर लावायचा. पेन्सिलीची. प्रत्येक दाता, प्रत्येक आटा. त्याचा चेहरा काकूनं कधी पाहिला नव्हता, त्याचा हात मात्र पाहिला होता. एका चित्रात कोपऱ्यात डावा अंगठा आला होता, नखाखाली तेल असलेला. काकूनं सगळ्यात जास्त वेळा उघडलेलं पान हेच. आता तिथे पांढरं.

"हे काढून टाकू यादीतून?" सुनेनं हळूच विचारलं.

"नाही." काकू उठली. फळीखालून खाकी कागदाची गुंडाळी ओढली, ज्यावर टेलर लोक माप आखतात ती, आणि टेबलावर पसरली. खडू घेतला. आणि न थांबता शटलचं पोट काढलं, आतली चंद्रकोर, स्प्रिंग, तीन स्क्रू, कुठला आधी सोडायचा त्यावर एक, दोन, तीन. सुईच्या टोकापासून भोकापर्यंतचं अंतर काढलं आणि बाजूला आकडा घातला. पडदेवाला कड्या खुळखुळवायचं विसरला.

"याचा फोटो काढ," काकू म्हणाली, "आणि त्या ओळीत घाल. नाव लिही, म्हाताऱ्याचं चित्र, माझ्या हातचं."

फोटो काढताना सुनेला तो मोबाईल दोनदा पुसावा लागला. डोळ्यांत पाणी आल्यावर पडदा पुसून उपयोग नसतो, हे तिला तिसऱ्यांदा कळलं.

तीनशे वीसपर्यंत आले तेव्हा दुपार टळली होती. तेवढ्यात समोरचं काचेचं दार धाडकन उघडलं आणि दीर रस्ता ओलांडून आला, काखेत एक पांढरी मशीन, रिबीन अजून गळ्यात. मागे त्याच्या दुकानात एक बाई हाताची घडी घालून उभी दिसत होती, आणि ती काही खरेदी करायला आलेली दिसत नव्हती.

"वहिनी, ही जरा बघता का? टाका सोडते. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येतो म्हणतोय, आणि ही बाई दुकानातून हलत नाही." मग त्याची नजर आकड्यातल्या मोबाईलकडे गेली. डागानं अर्धा पडदा खाल्ला होता. त्याची जीभ काही राहिली नाही. "अरेरे. पण तुमचं डोकंच काळं पडलंय की. राहू द्या मग."

"ठेवा इथे," काकू म्हणाली. "अगं, भाऊजींच्या पांढऱ्या मशीनचं वाच."

सुनेनं नव्या मोबाईलवर 'भाऊजी' एवढंच लिहिलं. ओळी वर आल्या. तिनं पहिली पाहिली आणि ओठ चावले.

"वाच की."

"आई, नक्की वाचू?"

"वाच, मोठ्यानं. चष्मा कुठे गेलाय माझा."

चष्मा तिच्या नाकावरच होता. सुनेनं घसा साफ केला.

"भाऊजींचं पांढरं बदक, एक. दिसायला देखणं, तिसऱ्या महिन्यात टाका सोडतं."

पडदेवाल्यानं हसू लपवायला कड्या तोंडाशी धरल्या.

"भाऊजींचं पांढरं बदक, दोन. दाते प्लॅस्टिकचे, कापड दाबणारा पाय रबराचा लावा नाहीतर मान वाकडी करतं."

"हे काय आहे?" दीर म्हणाला.

"भाऊजींचं पांढरं बदक, तीन. रिबीन आधी काढा, चाकात जाते."

दिरानं मशीनच्या गळ्याकडे पाहिलं आणि रिबीन सोडायला लागला. गाठ सुटेना.

"पहिलंच," काकू म्हणाली. "आकडा सांग."

"पान म्हणतं सुई दोन पॉईंट दोन मिलिमीटर वर आली की शटलचं टोक भेटलं पाहिजे. ते विसरा. आपल्या सुयांना दोन पॉईंट चार ठेवा."

काकूनं मशीन आडवी केली. खालचं झाकण काढलं. आणि तिनं स्टूल असं फिरवलं की दीर, पडदेवाला आणि सून तिघांनाही तिचे हात दिसावेत. ती नेहमी तशीच बसायची. दोन स्क्रू सैल. चाक हातानं सावकाश, सुई तळाला, मग वर, मापपट्टी लावून दोन पॉईंट चार. शटलचं टोक सुईच्या मागून भोकाच्या किंचित वर आलं. तिथेच धरून स्क्रू आवळले. मशीन उभी केली, कापडाचा तुकडा घातला आणि पायानं पेडल दाबलं.

टाका सरळ पडला. एक वीत, दोन वीत, तुटला नाही, सुटला नाही.

दीर खाली वाकून बघत राहिला. मग सरळ झाला आणि कपड्यांवर नसलेली धूळ झटकली.

"कंपनीच्या माणसाला हे सांगायला पाहिजे," तो म्हणाला.

"सांगा. म्हणावं पान चुकलंय."

"कुणी सांगितलं म्हणू?"

"शटलकाकूनं."

दिरानं मशीन काखेत घेतली. दारापर्यंत गेला आणि मागे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, ते नाव तेवढं बदलाल का? बदक वगैरे."

"बदलते ना. टाका सोडायचं थांबलं की लगेच बदलते."

तो रस्ता ओलांडून गेला. काचेच्या दारातून दिसलं, त्यानं ती मशीन त्या बाईपुढे ठेवली, आणि बोलताना दोनदा हात वर करून काकूच्या खोलीकडे दाखवलं. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं. पण बाईनं वळून पाहिलं, आणि नीट पाहिलं.

काकूनं मान ताठ केली. तिला पाहणाऱ्याला वाटलं असतं, ही पाठ दुखते म्हणून ताठ झाली. सुनेला मात्र बरोबर कळलं.

"अजून ब्याण्णव राहिलेत, आई."

"होतील. आपल्याकडे वेळ आहे." काकूनं पदर खोचला. "तीनशे एकविसावं लिही. त्या चप्पलवाल्याची. सुई जाड घाला आणि त्याच्याशी जास्त बोलू नका, तो दुपारभर बसतो."

"आणि माझी मशीन?" पडदेवाला दारातून म्हणाला. "मी सकाळपासून उभा आहे."

"तुझी लिहून झाली ना? आता करते."

पुसायची फडकी संपली होती. काकूनं फळीखालून जुनी चादर ओढली, कडेला दातांनी चीर दिली आणि टर्रकन लांब पट्टी फाडली.